आधी पत्ता, मग डोळे

वांगी घेताना आपण देठापाशी भोक आहे का ते बघतो. हापूसच्या पेटीत तळाच्या थरापर्यंत बोटं घालतो. मिक्सर घ्यायचा झाला तर आमच्या घरात दोन दिवाळ्या लागतात. एका दिवाळीत तो बघायचा आणि पुढच्या दिवाळीत भाव उतरला का ते बघायचं. असा हा पिढीजात संशयी पुणेकर कुत्रं दत्तक घ्यायला निघाला की मात्र एका फोटोत गारद होतो. फोटोत फक्त डोळे असतात. डोळ्यांखाली मजकूर असतो, 'आज नाही नेलं तर उद्या हा नसेल.' व्हिडिओ असला तर त्याला रडकं व्हायोलिन असतं आणि शेवटी क्यूआर कोड. पत्ता कुठेच नसतो, पण तोवर चष्म्याच्या काचा धूसर झालेल्या असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आमच्याकडे हे डोळे मुलीच्या मोबाइलमधून घरात शिरले. रोज जेवताना ती तो मोबाइल ताटाताटांवरून फिरवायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमटीतून मान वर न करता निकाल दिला, "या घरात माझं कोणी ऐकत नाही. आणखी एक न ऐकणारं कशाला?" बायकोने विरोध केला नाही, अट घातली. विकत आणायचं नाही, आणि जिथून आणायचं ते ठिकाण आधी जाऊन बघायचं. बायको ऑडिटमध्ये आहे. तिच्यापुढे डोळे चालत नाहीत, व्हाउचर लागतं.

पहिलं व्हाउचर फोनवरच फाटलं. 'फ्री ॲडॉप्शन' अशी जाहिरात होती आणि पलीकडे एक अत्यंत गोड आवाज होता.

"लॅब्रॅडॉर आहे सर, पंचेचाळीस दिवसांचा. एकदम फ्री. फक्त गाडीभाडं आणि क्रेटचं डिपॉझिट आधी पाठवा."

"रेस्क्यू कुठून केला?" बायकोने स्पीकरवरून विचारलं.

"बंगलोरवरून, मॅडम."

"काय झालं होतं त्याला?"

"काही नाही हो, एकदम हेल्दी. पेपर आहेत. बाप चॅम्पियन आहे."

"मग वाचवला कशापासून?"

गोड आवाज थोडा वेळ विचारात पडला आणि मग आमचा नंबर ब्लॉक झाला. बाप चॅम्पियन, तब्येत ठणठणीत, घरातून निघताना कागदपत्रं बरोबर, आणि तरी संकटात सापडलेलं हे पिल्लू तेव्हापासून मला अधूनमधून आठवतं. डिपॉझिट भरलं असतं तर ते कुठल्यातरी टोलनाक्यावर आजारी पडलं असतं, मग औषधाचे पैसे, मग विम्याचे पैसे. असं पिल्लू प्रवास फार करतं, पोचत कधी नाही.

पंचेचाळीस दिवस हा आकडासुद्धा बोलका आहे. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. हे गणित दिनदर्शिकेवर बोट ठेवून करता येतं. त्यामागे कारण आहे. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. ती शाळा अर्धवट सोडलेलं पिल्लू पुढचा अभ्यासक्रम तुमच्या घोट्यावर पुरा करतं. पण विक्रेत्यांना घाई असते, कारण पिल्लू जितकं लहान तितके डोळे मोठे.

'रेस्क्यू' या शब्दाला हल्ली बरंच ओझं उचलावं लागतं. न खपलेला माल रेस्क्यू होतो. कुत्रीला पिलं होऊ दिली, आता आवरत नाहीत, तीही रेस्क्यू होतात. अण्णांच्या फिरायच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी तर सुचवलं, "एवढी शोधाशोध कशाला? महापालिकेची गाडी येते ना, तिच्यातलं एखादं उतरवून घ्या." त्यांच्या मते ती गाडी म्हणजे फिरतं दत्तककेंद्र. प्रत्यक्षात ती नसबंदीसाठी कुत्री नेते, आणि २०२३ च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाली की ज्या गल्लीतून उचललं त्याच गल्लीत आणून सोडावं लागतं. कानाला काप घालतात तो त्याचाच दाखला. आमच्या कोपऱ्यावरच्या वडेवाल्यापाशी असे कानकापे पदवीधर बसलेले असतात. आपापली गल्ली सोडून ते जात नाहीत आणि पदवी नसलेल्याला गल्लीत येऊ देत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलून लस-नसबंदी झालेली कुत्री परत सोडायला सांगितली, तेव्हा हा फिरायचा ग्रुप दोनदा फुटला. एक गट म्हणे सगळी आत टाका, दुसरा म्हणे टाका, पण कुठे? दुसऱ्या गटाचा प्रश्न मला जास्त कळला, कारण तोवर आम्ही निवारे बघायला लागलो होतो.

निवाऱ्यांच्या बाबतीत आपला महाराष्ट्र तसा जुना जाणता. मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी १८३२ मध्ये बक्षिसाच्या आमिषाने भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळींनी दुकानं बंद केली आणि चक्क दंगा केला. कुत्र्यासाठी ते रस्त्यावर उतरले. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मुंबईची संस्था १८७४ ची आणि परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही त्याच शतकातलं. म्हणजे माणसांच्या कित्येक संस्थांपेक्षा जनावरांच्या या संस्था वयाने मोठ्या आहेत. पण जुन्या नावाजलेल्या संस्थांकडे जखमी जनावरांचीच रांग एवढी असते की बाकीची कुत्री शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोणाच्यातरी एकट्याच्या जिवावर जगतात.

अशाच एका शेडमध्ये आम्ही गेलो होतो. चालवणाऱ्या बाई सोन्यासारख्या होत्या हे आधी सांगतो. नोकरी सोडलेली, दागिने मोडलेले, अंगावरच्या ओढणीला दहा ठिकाणी दातांच्या खुणा. आम्हाला बघताच त्यांच्याबरोबर अवघं गोकुळ धावत आलं.

"किती आहेत?" बायकोने विचारलं.

"एकशे चाळीस असतील. काल रात्री कोणी पोतं ठेवून गेलं, ती धरून. किंवा एकशे साठ म्हणा."

ऑडिटमधल्या माणसाला 'म्हणा' हा शब्द सोसत नाही. बायको पाण्याच्या घमेल्यापाशी वाकली. पाणी हिरवं होतं. पोत्यातली पिलं दुसऱ्या दोन खोकणाऱ्या पिलांना चिकटून झोपली होती. "नवीन आलेली वेगळी ठेवत नाही का?" तर बाई म्हणाल्या, "एकटी रडतात हो." लसींची कार्डं विचारली तर एका डब्यात निघाली, पण कोणतं कार्ड कोणाचं हे बाईंना चेहऱ्यावरून आठवायचं होतं आणि चेहरे धावत होते. जमीन फिनेलने धुतलेली होती, वासही दणदणीत होता. पण पार्व्होचा विषाणू साध्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीचचं पाणी लागतं, आणि तो जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो. म्हणून तर नवीन जनावर निदान दोन आठवडे बाजूला ठेवायचं असतं. डिस्टेंपरची गोष्ट तर आणखी वाईट. आज पिल्लू नाचतंय म्हणून तुम्ही उचलून आणता आणि घरी आल्यावर ते मलूल होतं.

बाई मात्र उदार होत्या. "कुठलंही न्या! दोन न्या! आत्ताच न्या!" नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही, घरी कोण असतं विचारलं नाही. माझ्या मुलीच्या हातात एक पिल्लू होतंच. बायकोने ते हळूच काढून खाली ठेवलं, पर्समधून पावतीपुस्तक नसलेल्या त्या संस्थेला तांदळाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो. गाडीत मुलगी बोलत नव्हती. बायकोच शेवटी म्हणाली, "बाई खोटी नाही गं. हिशेब खोटा आहे. दोन हात आहेत आणि एकशे चाळीस तोंडं."

लबाड माणूस ओळखायला सोपा असतो, त्याला विचारलं की तो ब्लॉक करतो. फसगत होते ती अशा सज्जनांपाशी. त्यांना नाही म्हणता येत नाही. पोतं ठेवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, न्यायला येणाऱ्यालाही नाही. आणि कुत्रं घेताना ज्याला नाही म्हणता येतं असाच माणूस शोधायचा असतो, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

तो माणूस, खरं तर ती संस्था, सापडायला वेळ लागला, कारण तिचाही पत्ता जाहिरातीत नव्हता. इथे संशयी पुणेकराने जरा दमाने घ्यावं. पत्ता छापला की रात्री फाटकाशी खोकी येतात. खोक्यात पिलं असतात, क्वचित चिठ्ठी. त्यामुळे बरीच चांगली केंद्रंही पत्ता लपवतात. फरक एवढाच की फोन करून वेळ मागितली की ती देतात. 'बघायला येता येणार नाही, आम्ही रस्त्यावर आणून देतो' म्हणाले की समजावं, रस्त्यावरच आहे ते केंद्र.

वेळ मिळण्याआधी फॉर्म आला. त्यात माझी जेवढी चौकशी होती तेवढी मला गृहकर्ज देताना बँकेने केली नव्हती. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र. दिवसा घरी कोण? मे महिन्यात गावी जाता तेव्हा काय करणार? बदली झाली तर? आधी कुत्रं होतं का, होतं तर त्याचं काय झालं? कोणत्या डॉक्टरकडे न्याल? घरातल्या सर्वांची संमती आहे का? 'सर्वांची' या शब्दाखाली रेघ होती. सोसायटीचा प्रश्नही होता. सचिवांनी लगेच बंदीची धमकी दिली, पण भारतीय प्राणी कल्याण मंडळाने सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं २०१५ मध्येच लिहून ठेवलंय. ते परिपत्रक बायकोने छापून लिफ्टमध्ये लावलं. सचिव तेव्हापासून जिन्याने जातात.

मला राग आला होता. आम्ही उपकार करायला निघालो आणि हे आम्हालाच वेतनचिठ्ठी विचारणार? बायको उलट खूश. "विचारतायत म्हणजे त्यांना पडलेली आहे. न विचारता देतो तो गोदाम रिकामं करतो."

प्रत्यक्ष केंद्र दिसायला अगदी साधं होतं. फाटकाशी पायपुसणं, त्यावर जंतुनाशक. आत पहिलंच दार नव्या पाहुण्यांच्या खोलीचं आणि तिथे आम्हाला प्रवेश नाही. भिंतीवर फळा होता, त्यावर आज किती आहेत, किती आजारी, किती गेले. 'गेले' या रकान्यात आकडा होता, आणि तो पुसलेला नव्हता. बायकोने तिथेच अर्धे गुण दिले असावेत, कारण ज्या ठिकाणी काहीच मरत नाही तिथे फक्त नोंद मरते, असं तिचं मत आहे. उरलेले गुण तिने कागदांवर दिले: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तपासलेले हिशेब, देणगीची पावती. हिशेबात तांदूळ, कोंबडीचे पाय, औषधं आणि पगार यांचे आकडे मोठे होते आणि 'सभा व अल्पोपाहार' खात्यावर किरकोळ रक्कम. आम्हाला चहा विचारला नाही तेव्हा त्या रकमेचा उलगडा झाला.

माझी कसोटी वेगळी. मी सफाई करणाऱ्या मामांकडे बघत राहिलो. हातात खराटा घेऊन ते आत शिरले की कुत्री काय करतात? तिथली कुत्री शेपट्या हलवत खराट्यामागे निघाली, एक तर खराट्यावर बसून फिरायला बघत होता. व्यवस्थापक काय सांगतात ते सांगोत. खराटा खोटं बोलत नाही. मामांना प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं आणि नावापेक्षा जास्त खोड ठाऊक होती. "हा छत्रीला भुंकतो. ही स्कूटरमागे धावते, सायकलीला काही करत नाही. तो आहे ना, त्याला पुरुषांची मिशी चालत नाही."

मुलीने अर्थातच सर्वात उनाड नर पसंत केला, वर्षाचा, उंच उडी मारून तिची ओढणी पळवणारा. आणि तिथल्या मुलीने, विशी-बाविशीची असेल, सरळ सांगितलं, "तो तुम्हाला झेपणार नाही, काका. त्याला रोज दोन तास पळवावं लागतं. तुम्ही पळता?"

बायको हसली. ऑडिटर सहसा हसत नाहीत.

मग आम्हाला दाखवली गेली ती बबडी. तीन वर्षांची, तांबूस, कानाला काप, अपघातानंतर बरी झालेली, आणि आपली गल्ली पुलाच्या कामात गेल्यामुळे परत सोडायला जागाच न उरलेली. "हिचे दोष सांगते," ती मुलगी म्हणाली, आणि तिने खरोखरच सांगितले. फटाक्यांना घाबरते. पोळी दिसली की ओळख विसरते. गोचीड ताप होऊन गेलाय, रक्ताची तपासणी परत करावी लागेल. पहिले काही दिवस पलंगाखालून बाहेर येणार नाही, रुळायला तीनेक महिने धरा. कोणा जातिवंताची रक्तरेषा सांगितली नाही, 'लॅब मिक्स' म्हणून गौरव केला नाही. हल्ली जरा कान पडलेला असला की लॅब मिक्स आणि जरा केस लांब असले की जर्मन शेफर्ड मिक्स म्हणायची पद्धत आहे. बबडी शंभर टक्के गावठी होती आणि तसं लिहिलं होतं. लसीच्या कार्डावर कुपीची चिकटपट्टी, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक. नसबंदीचा दाखला वेगळा.

गोव्यातली काही कुत्री दत्तक जाऊन युरोपात राहतात म्हणे. त्यांची कागदपत्रं आणखी कडक. मायक्रोचिप, रेबीजची लस, लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. किनाऱ्यावर मासळीच्या डोक्यांवर वाढलेलं जनावर जर्मनीत उतरतं तेव्हा त्याची फाइल माझ्या भाच्याच्या व्हिसाच्या फाइलपेक्षा जाड असते, आणि त्याच्या फाइलमध्ये स्पेलिंगच्या चुकाही नसतात.

बबडीच्या दत्तक करारात एक कलम होतं: जमलं नाही तर कुत्रं केंद्रालाच परत करायचं, परस्पर कोणाला द्यायचं नाही, आणि केंद्र ते कधीही परत घेईल. मी विचारलं, "कधीही? पाच वर्षांनीसुद्धा?" केंद्रातली ती मुलगी म्हणाली, "दहा वर्षांनीसुद्धा. पण तेव्हा आम्ही तुमच्याशी नीट बोलणार नाही." मला हे कलम सगळ्यात आवडलं. एकदा विकलेला माल परत न घेणाऱ्या गावात मी आयुष्य काढलंय.

घर बघायला ती स्वतःच आली, स्कूटरवरून. गॅलरीच्या गजांमधून तिने मूठ घालून बघितली, मग कोपर. स्वयंपाकघरात उंदराचं औषध कुठे ठेवता विचारलं. जिन्याचे दिवे लावून बघितले. शेवटी ती अण्णांसमोर बसली.

"आजोबा, तुमची हरकत आहे का?"

"माझी हरकत चाळीस वर्षांपासून आहे," अण्णा म्हणाले. "ती सर्वसाधारण आहे. कुत्र्याविरुद्ध वेगळी नाही."

तिने 'संमती' असं लिहून घेतलं. मग शेवटचं कलम आलं: पालकाच्या पश्चात कुत्र्याची जबाबदारी कोण घेईल? नाव, नातं, सही. आमच्या घराण्यात 'पश्चात' या विषयावर कोणी बोलत नाही. कोकणातल्या घराचा सात-बारा अजून पणजोबांच्या नावावर आहे. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांपायी दोन चुलत घरांत बोलणं नाही. मृत्युपत्राचा विषय निघाला की अण्णा रेडिओ मोठा करतात. मी घसा खाकरून म्हणालो, "मुलीचं नाव लिहा." तिचं नाव लिहिलं गेलं. खाली दुसरी ओळ होती, पर्यायी नावाची. मी नाशिकच्या भावाचा नंबर शोधायला लागलो, तोवर अण्णांनी फॉर्म स्वतःकडे ओढून चष्मा लावला होता.

"माझं लिही."

"आजोबा, तुमचं वय काय?"

"ब्याऐंशी. रोज पर्वतीला जातो. हा लिफ्टने जातो. तूच बघ काय ते."

तिने एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या ओळीत अण्णांचं नाव लिहून घेतलं.